जोड्या कुठे आहेत?

शाळेने दिलेल्या गोष्टींपैकी एकच या स्मरणिकेसाठी निवडायची झाली, तर मी सहामाहीच्या उत्तरपत्रिकेवरचा एक लाल शेरा निवडीन. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या, म्हणजे ज्यातून निम्म्या गुणसूत्रांची अंडपेशी किंवा शुक्राणू तयार होतो त्या विभाजनाच्या, अवस्था आकृत्यांसह स्पष्ट करा, असा तो प्रश्न होता. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावे मला तोंडपाठ होती. तीच नावे दोनदा लिहून आणि आठ सुबक आकृत्या काढून मी पूर्ण गुणांची वाट पाहत होतो. मिळाले निम्मे. पहिल्या मध्यावस्थेच्या आकृतीखाली जीवशास्त्राच्या बाईंनी तीनच शब्द लिहिले होते : ‘जोड्या कुठे आहेत?’

गुणांची तक्रार घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा बाईंनी आकृतीतली चूक दाखवली नाही. ‘तुझ्या आकृत्यांप्रमाणे माणसाच्या ४६ गुणसूत्रांच्या पेशीतून शेवटी किती गुणसूत्रांची पेशी निघते, ते मोजून सांग,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी मोजू लागलो आणि अडकलो. विभाजनापूर्वी पेशीतील डीएनएची प्रत तयार होते, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्र दोन सारख्या प्रतींचे, म्हणजे दोन क्रोमॅटिडांचे बनलेले असते. मी ती ४६ गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर एकेकटी, एका रांगेत उभी केली होती आणि पहिल्याच फेरीत प्रत्येकाच्या दोन प्रती एकमेकींपासून तोडून टाकल्या होत्या. त्वचेची किंवा मुळाची पेशी दुभंगते तेव्हा नेमके हेच घडते. त्यालाच सूत्री विभाजन म्हणतात. दोन्ही पेशींत पुन्हा ४६ गुणसूत्रे आली होती आणि दुसऱ्या विभाजनाला वेगळे करण्याजोगे काही उरलेच नव्हते. तरीही मी ते विभाजन ऐटीत काढले होते आणि त्याखाली ‘२३’ हा आकडाही लिहिला होता, कारण तो पुस्तकात होता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात लाल आणि निळी लोकर घेऊन आल्या. लाल धागा आईकडून आलेले गुणसूत्र आणि तेवढ्याच लांबीचा निळा धागा वडिलांकडून आलेला त्याचा सजातीय जोडीदार. दोघांचीही प्रत काढून प्रती एका ठिकाणी बांधलेल्या. ती गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू. ‘आता नावे विसरा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि प्रत्येक वेळी एकच विचारा, कोण कोणापासून वेगळे होत आहे?’ पहिल्या विभाजनात लाल निळ्यापासून वेगळे होते; लालच्या दोन्ही प्रती एकत्रच पेशीच्या एका टोकाकडे, म्हणजे ध्रुवाकडे जातात आणि निळ्याच्या दुसऱ्या ध्रुवाकडे. जोड्या फुटल्यामुळे संख्या येथेच निम्मी होते. मध्ये डीएनएची नवी प्रत निघत नाही. दुसऱ्या विभाजनात मात्र प्रती एकमेकींपासून सुटतात, आणि एका पेशीपासून प्रत्येकी २३ गुणसूत्रांच्या चार पेशी होतात. प्रत एकदाच, विभाजन दोनदा, एवढाच तो हिशेब.

लेप्टोटीनपासून डायकायनेसिसपर्यंत पूर्वावस्थेच्या पाच उपावस्थांची नावे मी आजही न अडखळता म्हणू शकतो. त्याचा मला कधी फारसा उपयोग झाल्याचे स्मरत नाही. उपयोग झाला तो त्या एका प्रश्नाचा. बाईंनी पुढे कधीतरी सांगितले की घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि त्यांच्या संकरातून जन्मणाऱ्या खेचराची ६३ असतात, आणि मग खेचराला सहसा पिल्ले का होत नाहीत असे विचारले. खेचराच्या बाकीच्या पेशी व्यवस्थित वाढतात, कारण सूत्री विभाजनाला जोडीदार लागत नाही. युग्मक, म्हणजे अंडपेशी किंवा शुक्राणू, तयार होण्याच्या वेळी मात्र गुणसूत्रांना आपापला जोडीदार शोधावा लागतो, आणि तेथेच सारे अडते. उत्तर सांगताना आमच्यापैकी दोघातिघांनी एकदमच ‘जोड्या कुठे आहेत?’ असे म्हटल्याचे आठवते.

संख्या निम्मी होणे आवश्यक आहे, हे तर्काने आधी कळले आणि डोळ्यांनी नंतर. बेल्जियन जीवशास्त्रज्ञ एदुआर व्हॅन बेनेडेन यांनी १८८३ मध्ये घोड्याच्या आतड्यातील जंताच्या अंड्यात पाहिले, की फलनाच्या वेळी अंडे आणि शुक्राणू सारख्याच संख्येने गुणसूत्रे आणतात. तसे असेल तर युग्मक तयार होताना कोठेतरी संख्या घटलीच पाहिजे, नाहीतर दर पिढीत ती दुप्पट होत जाईल, असे जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी काही वर्षांतच मांडले. अर्धगुणसूत्री विभाजनासाठीचा ‘मायोसिस’ हा शब्द १९०५ मधला. त्याचा मूळ ग्रीक अर्थच ‘घट’ असा आहे.

हे सर्व प्रत्यक्ष पाहण्यासाठी बाईंनी कांद्याच्या फुलकळ्या आणल्या होत्या. कळीतील परागकोश अ‍ॅसिटोकार्माइन या रंगाच्या थेंबात चिरडून, वर काचपट्टी दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, असा तो खटाटोप होता. मोठ्या कळ्यांत परागकण केव्हाच तयार होऊन गेलेले असत, अगदी लहान कळ्यांत विभाजनाला सुरुवातच झालेली नसे, आणि हवी ती कळी नेमकी कोणती हे वरून कळत नसे. दोन तास वाया गेल्यावर एका पट्टीवर लालसर रंगलेल्या आठ ठळक आकृती मध्यावर उभ्या दिसल्या. कांद्याची गुणसूत्रे १६, म्हणजे जोड्या आठ. आपल्या उत्तरपत्रिकेत काय असायला हवे होते, ते मी त्या दिवशी पाहिले.

त्याच तासाला मी एक शंका विचारली होती : संख्या निम्मीच करायची आहे, तर पेशी आधी प्रत काढून सर्व दुप्पट का करते? जोडीदार सरळ वेगळे केले की एका विभाजनात काम होईल. बाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, ‘प्रश्न बरोबर आहे, उत्तर माझ्याकडे नाही.’ त्या काळात ते उत्तर त्यांना कोठून मिळणार होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

पूर्वावस्थेत जोडीदार शेजारी येतात आणि त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, एवढे आम्ही शिकलो होतो. या अदलाबदलीचे आम्हाला सांगितलेले महत्त्व विविधतेचे होते. २३ जोड्यांची नुसती उलटसुलट वाटणी झाली तरी ८३,८८,६०८ प्रकारचे संच होऊ शकतात. अदलाबदलीमुळे त्यांना मोजदाद राहत नाही. हे खरेच आहे, पण तीच अदलाबदल जोडीला बांधूनही ठेवते, हे कोणी सांगितले नव्हते. गुणसूत्राच्या दोन प्रती कोहेसिन नावाच्या प्रथिनांच्या कड्यांनी सर्व लांबीभर एकमेकींना धरून असतात. लालच्या एका प्रतीचे टोक निळ्याकडे गेले, तरी त्या टोकाला त्याची लाल बहीण सोडत नाही. आणि अशा रीतीने लाल व निळे एकमेकांत गुंततात. दोन्ही बाजूंनी तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना ध्रुवांकडे खेचणारे धागे, ओढू लागले की या गाठीमुळे ताण निर्माण होतो, आणि जोडी नीट बांधली गेल्याची खूण पेशीला त्या ताणावरून मिळते. प्रतीच नसत्या तर ही गाठ बसली नसती. वेळ आली की गुणसूत्राच्या भुजांवरची कडी तुटतात व जोडीदार सुटतात. गुणसूत्रबिंदूपाशी मात्र शुगोशिन नावाचे प्रथिन त्या कड्यांना जपते, म्हणून प्रती दुसऱ्या विभाजनापर्यंत एकत्र राहतात. शुगोशिनचे हे काम २००४ मध्ये उजेडात आले. तोपर्यंत मला शाळा सोडून बरीच वर्षे झाली होती.

पुरुषांत हे विभाजन वयात आल्यानंतर सुरू होऊन पुढे चालूच राहते आणि एका पेशीपासून चार शुक्राणू होतात. स्त्रीच्या बाबतीत ते तिच्या जन्मापूर्वीच सुरू होते आणि पहिल्या पूर्वावस्थेत थांबते. जोड्यांच्या त्या गाठी कधी पंधरा, तर कधी चाळीसहून अधिक वर्षे तशाच राहतात. वय वाढते तशी कोहेसिनची पकड सैल होत जाते, आणि अंडपेशीत एखादे गुणसूत्र जास्त जाण्याची शक्यता वाढण्याचे हे एक मोठे कारण आहे. डाउन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, हे झेरोम लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवले होते.

बाईंच्या तक्त्यात शुक्राणूंसारख्याच चार अंडपेशी एका ओळीत, विभाजन आटोपून फलनाची वाट पाहत उभ्या होत्या. वास्तविक एकच अंडपेशी मोठी होते, बाकीच्या चिमुकल्या ध्रुवपेशी होऊन नाहीशा होतात; आणि ती एक सुद्धा दुसऱ्या मध्यावस्थेत अडून राहते. शुक्राणू आत शिरल्यावरच तिच्या प्रती एकमेकींपासून सुटतात. त्या तक्त्याखाली ‘दुसरी पश्चावस्था केव्हा?’ असे लाल शाईने लिहायचे माझ्याकडून राहून गेले आहे.