तुम्ही विचारलंत म्हणून: कार्डं सोडून ही रद्दी का?

घरी येणारा प्रत्येक जण माझं कपाट बघून हेच विचारतो. क्रिकेटची चकचकीत कार्डं मिळतात, विकायलाही सोपी, मग जुन्या सामन्यांची तिकिटं, स्कोअरकार्डं असले हे पिवळे कागद कशाला? बायकोचा प्रश्नही तोच, फक्त सूर वेगळा.

कार्डांशी माझं वैर नाही. शाळेत बबलगमबरोबरची चित्रं मीही डबाभर जमवली, दोन कपिल देऊन एक गावस्कर मिळवला. पण कार्ड मुळात छापतातच जमवण्यासाठी. हल्लीचं दुर्मिळ कार्डसुद्धा कंपनीने ठरवून कमी छापलेलं. स्कोअरकार्ड, तिकीट यांचं तसं नाही. सामना संपला की ती फेकायची. कुणी फेकायला विसरलं म्हणून उरली.

यात फसलोही आहे. चोरबाजारात एकदा १९३३च्या मुंबई कसोटीचं तिकीट म्हणून चांगले पैसे मोजले. घरी येऊन बघतो तर वर छापलंय ब्रेबॉर्न स्टेडियम! लाला अमरनाथांनी ११८ केल्या ती कसोटी झाली बॉम्बे जिमखान्यावर. ब्रेबॉर्न उभं राहिलं १९३७ साली. कागदाला चहाचा वास येत होता, तो मी जुनेपणाचा समजलो होतो.

आता माझा खरा ऐवज. गिरगावातल्या रद्दीत, जुन्या पंचांगात दडलेलं पंचरंगी सामन्याचं स्कोअरकार्ड, डिसेंबर १९४३, हिंदू विरुद्ध रेस्ट. पंचरंगी म्हणजे धर्म-समाजांवरून पाडलेल्या पाच संघांची स्पर्धा, आणि रेस्ट म्हणजे त्यातल्या उरलेल्या समाजांचा संघ. नावं छापील, धावा पेन्सिलीने. हिंदूंचे ५ बाद ५८१, मर्चंट नाबाद २५०. रेस्ट १३३ मध्ये गारद. फॉलोऑननंतर ३८७, त्यात एकट्या विजय हजारेंच्या ३०९. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी, त्यात विवेकच्या २१! तरी रेस्ट डावाने हरले. हे आकडे कुठेही वाचायला मिळतील. पण या कागदावर ३०९ भोवती दोनदा गोल काढलाय आणि दुसऱ्या वेळी पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलंय.

मागच्या बाजूला त्याच पेन्सिलीने: साखर, रॉकेल, काड्यापेटी. रेशनचे दिवस.

परवा भाचा आला होता, कार्डांचा अल्बम घेऊन. त्याने हे स्कोअरकार्ड उलटसुलट करून पाहिलं. हजारेंबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "मामा, मॅच बघत बसले, मग रॉकेल मिळालं का त्यांना?"