तुम्ही विचारलंत म्हणून: जंतू सोडले तर नाग नदी किती दिवसांत साफ होईल?

लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या गच्चीवर, माझं काम कळलं की हा प्रश्न येतोच. एका काकाजींनी तर उत्तराचीही वाट पाहिली नाही. "कायले कॉम्प्युटरवर गणितं करून राहिल्या मॅडम? दोन ड्रम जंतू टाका ना नाल्यात!"

पाण्यातली विषारी रसायनं सूक्ष्मजीव किती वेगानं मोडतात, हे मी समीकरणांत मांडते. काकाजींच्या ड्रमबद्दल आधी बोलू. नागपुरातून वाहणाऱ्या नाग नदीत सांडपाणी आहे, म्हणजे जंतू हवे तेवढे आहेत. बाहेरून आणून सोडलेल्यांना प्रोटोझोआ नावाचे एकपेशीय जीव खातात, प्रवाह वाहून नेतो, आणि जे टिकतात ते समोर मैल्यातलं सोपं अन्न असताना कीटकनाशकाच्या वाटेला कशाला जातील? कुठे कुठे बाहेरचे जंतू उपयोगी पडतातही, पण मी आधी विचारते की इथल्यांचं अडतंय कुठे.

मॉडेल हवं ते यासाठी. १९४० च्या दशकात जाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडलेलं समीकरण आम्ही आजही वापरतो: अन्न वाढलं की जंतूंची वाढ वेग घेते, पण एका मर्यादेनंतर वेग थांबतो. वाढपी कितीही आग्रह करो, जेवणारा जेवेल तेवढंच जेवेल. फिनॉलसारख्या रसायनाचं गणित आणखी वाकडं. थोडं असलं तर स्यूडोमोनास नावाचा जंतू त्यावर जगतो. जास्त झालं तर तेच अन्न त्याला विष होतं आणि वेग उलट घसरतो. म्हणून कारखान्यानं एकदम सोडलेलं पाणी आणि तेवढंच थोडं थोडं सोडलेलं पाणी, यांचे निकाल वेगळे येतात.

मग नागपूरचा उन्हाळा. पाणी २० अंशांवरून ३० वर गेलं की सेंद्रिय घाण कुजण्याचा वेग साधारण दीडपट होतो. ऐकायला बरं वाटतं. पण २० अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. भूक वाढली आणि श्वास कमी झाला. नदीतल्या ऑक्सिजनचा हा हिशोब स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवर मांडला. त्यांचे आकडे उचलून इथे चालत नाहीत. आपल्याकडे बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) सुद्धा २७ अंशांवर तीन दिवस मोजतात, जुन्या पद्धतीसारखी २० अंशांवर पाच दिवस नाही.

आणि "साफ" म्हणजे काय? एन्डोसल्फान हे कीटकनाशक घ्या. विदर्भातल्या कापसावर वर्षानुवर्षे फवारलं गेलं, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. जंतू त्याचं एन्डोसल्फान सल्फेट करतात, जे मूळ रसायनाइतकंच विषारी आणि जास्त चिवट. फक्त मूळ रसायन मोजलं तर अहवालात पाणी सुधारलेलं दिसेल. म्हणून माझ्या मॉडेलमध्ये रसायन मोडून बनणाऱ्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र समीकरण असतं. समीकरणं वाढतात आणि संगणक रडतो, पण इलाज नाही.

आता दिवसांचं. धरा, एखादं रसायन निम्मं व्हायला पाच दिवस लागतात आणि पाणी सेकंदाला ३० सेंटिमीटर चाललंय. म्हणजे दिवसाला साधारण २६ किलोमीटर, पाच दिवसांत १३०. तोवर ते पाणी नागपुरात नसतंच. कन्हानमधून वैनगंगेला लागलेलं असतं, आणि पुढे गोसेखुर्दचा जलाशय आहे. तिथे पाणी थबकतं, गाळ बसतो, आणि गाळाला चिकटलेलं रसायन जंतूंच्या हाती सहज लागत नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीत आलेले पाच दिवस तिथे लागू पडत नाहीत.

तेव्हा "किती दिवस" विचाराल तर मी उलट तीन गोष्टी विचारेन: कोणतं रसायन, पाण्यात ऑक्सिजन किती, आणि वरून अजून येतंय का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर दिवस मोजायला सुरुवातच करता येत नाही.