पाण्याचा दिवस आणि प्रभूचा दिवस

सोलापुरात घराचा आठवडा नळाला पाणी कधी येते यावर ठरतो. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून आलेले पाणी आपापल्या भागात तीन-चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा सुटते. मग टाकी आणि पिंपे भरणे, साचलेले धुणे, फरश्या, संडास-बाथरूम आणि वेळ उरलाच तर स्वतःचे न्हाणे, अशी सगळी कामे त्याच दोन-तीन तासांत कोंबली जातात. आपल्या ख्रिस्ती घरांत त्याच आठवड्यात एक दिवस, रविवार, प्रभूसाठी राखून ठेवायचा असतो. हे दोन्ही दिवस एकाच तारखेला आले म्हणजे घर कुणाच्या सोयीने लावले आहे ते लगेच दिसून येते. माझे मत असे की, घराची घडी बसवताना घर चालवणाऱ्या बाईची विश्रांती आधी बसवावी आणि उरलेल्या जागेत कामे बसवावीत.

रविवारी पाणी आले तर ते भरावेच लागते, आणि त्यात मला काही अपराध वाटत नाही. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, विहिरीत पडलेला मुलगा किंवा बैल तुमच्यापैकी कोण ताबडतोब वर काढणार नाही, असे प्रभूनेच परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, विचारले होते (लूक १४:५). परंतु पाणी आले आहे म्हणून त्याच वेळी चार सोलापुरी चादरी भिजवायला काढणे ही निकड नव्हे, हाव आहे. इथल्या उन्हात चादर दुपारच्या आत वाळते, तेव्हा ती सोमवारी साठवणीच्या पाण्यात धुतली तरी काही बिघडत नाही. पाणी भरण्याचे काम नवरा आणि मोठी मुले यांच्याकडे सोपवावे. मोटर लावायला आणि पाइप धरायला कोणतेही खास कौशल्य लागत नाही.

साठवणीच्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरांत आजारपण बहुधा तिथूनच शिरते. डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एकदा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, पाळायला सांगते. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे होत नाही, भांडे आतून घासावे लागते. पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी पिंपे तशीही तळाला गेलेली असतात; ती घासण्याची योग्य वेळ तीच. वरती घट्ट झाकण किंवा जुन्या साडीचा दुपदरी तुकडा बांधला की झाले.

आता रविवारच्या मटणाकडे वळते. उपासना संपल्यावर पुरुषमंडळी चर्चच्या आवारात पाळकसाहेबांशी निवांत बोलत उभी असतात आणि त्याच वेळी बायका, शेवटचा आशीर्वाद होतो न होतो तोच, रस्सा टाकायला घराकडे धावत असतात, हे दृश्य आपल्यापैकी कुणाला अनोळखी आहे? विश्रांतीचा म्हणून नेमलेला दिवस स्वयंपाकघरात मात्र आठवड्यातला सर्वांत जड दिवस होऊन बसला आहे. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले रोजचे अन्न, मिळत असे तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती. एरवी सकाळपर्यंत ठेवला की त्यात किडे पडत, पण शब्बाथासाठी राखलेला नासला नाही (निर्गम १६). माझ्या घरी मटण शनिवारी रात्री होते आणि रविवारी कडक भाकरी चुरून, आमटी ओतून, वर शेंगाचटणी घेऊन जेवण उरकते. कडक भाकरी हा टिकाऊ पदार्थ सोलापूरकरांना आयताच मिळालेला आहे. सासरच्या वडीलधाऱ्यांना हा बदल पचायला वेळ लागला, हे खरे.

घर नीट ठेवण्याविषयी बोलताना बायबलच्या नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री आपल्यापुढे हमखास ठेवली जाते: ती पहाटेच्या आधी उठते, तिचा दिवा रात्री मालवत नाही. पंधराव्या ओवीत तिच्या हाताखाली दासी असल्याचे म्हटले आहे, ती ओवी मात्र आपण फार घाईने वाचतो. बाविसावी तर जवळजवळ कुणीच मोठ्याने वाचत नाही. एकविसाव्या ओवीत घरच्यांच्या उबदार कपड्यांची सोय लागली की पुढच्याच ओवीत ती स्वतःसाठी पांघरुणे करते आणि तलम तागाची, जांभळी वस्त्रे नेसते. चादरींच्या या गावात फाटके, विटलेले पांघरूण आईच्या वाट्याला आणि नवे कोरे पाहुण्यांसाठी कपाटात, अशी वाटणी असते. या वाटणीला शास्त्राचा आधार नाही.

शरीराची निगा राखणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असा एक समज प्रार्थनासभांतून अजून ऐकू येतो. एलीया संदेष्टा थकून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले (१ राजे १९). होरेब डोंगराकडचा प्रवास आणि देवाशी संभाषण त्यानंतरचे. मे महिन्यात इथे पारा चाळीसच्या वर जातो, त्या दिवसांत दुपारी आडवे होणे आणि रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर वेळच्या वेळी तपासून घेणे मी याच हिशोबात धरते.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात हे अधिक जपावे लागते, कारण तो नेमका ऊन चढण्याच्या सुमारास येतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने उपाशी राहून तीच मात्रा घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोलावे. जेवणाऐवजी मोबाइल किंवा मालिका सोडली तरी तो उपवासच आहे. शिवाय राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. ४० हा आकडा मधले सहा रविवार वगळून येतो, कारण रविवार पुनरुत्थानाचा दिवस असल्याने मंडळीने तो उपवासात धरलेला नाही.