वारस फेरफार, फौजदारी अर्ज आणि संचिकेतला एक जबाब

मंडळ अधिकारी म्हणून सन २०२२ मध्ये मी एक वारस फेरफार, म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर जमिनीच्या अभिलेखात वारसांची नावे लावणारी नोंद, प्रमाणित केला. मयत खातेदाराच्या दोन मुलांनी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्या विवाहित बहिणीचे नाव नव्हते. २०२५ मध्ये बहिणीने प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले, आणि तो तिचा हक्कच होता. परंतु त्याच सुमारास तिने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून भावांबरोबर तलाठी व माझ्याविरुद्धही भारतीय दंड संहितेच्या कलम ४२०, ४६७ आणि ४६८ खाली, म्हणजे फसवणूक व बनावट दस्तऐवजाच्या आरोपांवरून, तपासाचा आदेश मागितला. कलम ४६७ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिवाय कोठडी ४८ तासांपुढे गेली की १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते, त्यामुळे निकाल लागण्याआधीच निम्मी शिक्षा भोगून होते.

शासनाच्या मंजुरीशिवाय लोकसेवकाला कोणी हात लावू शकत नाही, असा धीर कार्यालयात सगळ्यांनीच दिला. वकिलांनी मात्र तो समज पहिल्याच भेटीत खोडून काढला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १९७ चे, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम २१८ चे संरक्षण, ज्याला शासनाखेरीज किंवा शासनाच्या मंजुरीखेरीज पदावरून दूर करता येत नाही अशाच लोकसेवकाला मिळते. माझ्या पातळीवरच्या कर्मचाऱ्याला ते लागू नाही. आमच्या कामी आले ते याच नव्या संहितेतील, १ जुलै २०२४ पासून लागू झालेले कलम १७५(४). कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल लोकसेवकाविरुद्ध तक्रार आली, तर तपासाचा आदेश देण्यापूर्वी वरिष्ठाचा अहवाल मागवून त्या लोकसेवकाचे म्हणणेही विचारात घ्यावे, अशी त्यात तरतूद आहे.

न्यायालयाने तहसीलदारांचा अहवाल मागवला आणि मला म्हणणे मांडण्याची संधी दिली. मूळ संचिका अपिलासाठी प्रांत कार्यालयात गेलेली होती, म्हणून रीतसर अर्ज करून, शुल्क भरून साक्षांकित नकला मिळवल्या. आपल्याच सहीचे कागद मिळवायला इतर पक्षकारांसारखे खिडकीपुढे उभे राहावे लागते, याची गंमत तेव्हा वाटली नाही. नोटीस बजावल्याची पोच, चावडीवर प्रत लावल्याचा तलाठ्याचा अहवाल आणि मुदतीत हरकत न आल्याची नोंद, हे सगळे जागेवर होते. पण एवढ्याने भागले नसते. बहिणीचे नाव अभिलेखात नसल्याने तिला नोटीस गेलीच नव्हती, आणि अर्जातला मुख्य आरोप नेमका तोच होता.

निर्णायक ठरला तो स्थानिक चौकशीतला एका भावाचा जबाब. त्यात "मयतास मुली आहेत काय?" हा प्रश्न मी वेगळ्या ओळीत लिहिला होता, समोर "नाही" असे उत्तर होते, त्याखाली त्याची सही आणि पोलीस पाटलाची साक्ष होती. छापील नमुन्यावर नुसती सही घेऊन फेरफार निकाली काढण्याची जी घाई आपल्याकडे चालते, तिच्यात हा प्रश्न सहज गळाला असता. सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी व लक्ष, अशी दंड संहितेच्या कलम ५२ ची व्याख्या आहे. वकिलांनी ती या जबाबाशेजारी ठेवूनच युक्तिवाद केला. तहसीलदारांनीही अहवालात शेरेबाजी न करता तारखांचा क्रम तेवढा दिला, आणि त्याचा मला फार उपयोग झाला.

तलाठी आणि माझ्याविरुद्ध तपासाचा आदेश झाला नाही. भावांविरुद्ध मात्र झाला, आणि अपिलात बहिणीचे नाव अभिलेखावर आले. त्या गुन्ह्यात पोलिसांनी माझा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला असून, त्यासोबत दिलेल्या नकलांची पोच मी घेऊन ठेवली आहे.