हॅवलॉकला नायट्रॉक्सवर जाताय? रेग्युलेटर भाड्याने घेऊ नका, ॲनालायझर घेऊन जा

अंदमानात नायट्रॉक्सवर, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेवर, स्कूबा डाइव्ह करायला गेले होते. रोजचे ८०० याप्रमाणे तीन दिवसांचे २,४०० रुपये मी आगाऊ भरले ते एका रेग्युलेटरसाठी (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र), ज्याची मला काडीची गरज नव्हती. माझा स्वतःचा, महिन्यापूर्वीच सर्व्हिस करून आणलेला रेग्युलेटर बॅगेत तसाच पडून राहिला. आणि ज्या यंत्रावर खरोखर जीव टांगलेला असतो, तो टाकीतल्या ऑक्सिजनचे टक्के मोजणारा ॲनालायझर त्या सेंटरवर पार थकलेला होता. अजूनही आठवलं की डोकं फिरतं. पुढे जाणाऱ्यांना हे माहीत असावं म्हणून लिहितेय.

नायट्रॉक्सचं कार्ड, स्वतःचा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि ३० मीटर खोली गाठण्याइतका सराव तुमच्याकडे आहे असं धरून चालते. ज्यांना फक्त मालवण-तारकर्लीला प्रवाळ बघायचेत त्यांनी हे वाचायचं कारण नाही, तिथल्या खोलीला साधी हवा भरपूर झाली.

फेब्रुवारीत मी आणि धाकटी बहीण गेलो. पोर्ट ब्लेअरहून बोटीने हॅवलॉक (२०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप). पहिले दोन दिवस उथळ जागी हवेवर काढले, छान गेले. पण नायट्रॉक्सचा हट्ट होता तो डिक्सन्स पिनॅकल या पाण्याखालच्या सुळक्यांसाठी. तिथे माथा साधारण १८ मीटरवर लागतो आणि पायथा तिशीच्या पलीकडे. किती वेळ खाली थांबता येतं ते सांगणारा डाइव्हचा तक्ता हवेवर ३० मीटरला २० मिनिटं देतो. ३२ टक्के ऑक्सिजन भरला की तेच ३० मीटर नायट्रोजनच्या हिशेबाने शरीराला २४-२५ मीटरसारखे पडतात, आणि त्या ओळीत २९ मिनिटं मिळतात. या वरच्या ९ मिनिटांसाठी सगळा खर्च.

आता तो रेग्युलेटर. काउंटरवर सांगितलं गेलं, "मॅम, नायट्रॉक्स के लिए स्पेशल रेग्युलेटर लगता है, आपका नहीं चलेगा." प्रवासाने दमलेले होते, पैसे भरले. खोलीवर येऊन माझ्या रेग्युलेटरचं पुस्तक उघडलं तर त्यात स्वच्छ लिहिलेलं की ४० टक्क्यांपर्यंत हवेसारखाच वापरा. बहुतेक उत्पादकांचं हेच म्हणणं असतं. ४० च्या वर गेलात तरच ऑक्सिजनसाठी साफ केलेला रेग्युलेटर, वेगळे ओ-रिंग आणि वेगळं ग्रीस लागतं, कारण सिलिकॉन ग्रीस आणि भारी दाबाचा ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेऊ शकतात. युरोपात प्रकरण निराळं आहे. तिथल्या मानकानुसार २२ टक्क्यांच्या वर वेगळ्या आट्यांचा, एम-२६ व्हॉल्व्ह असतो. अंदमानात त्याचा काही संबंध नाही. तेव्हा निघण्याआधी आपल्या मॉडेलचं ते पान फोनमध्ये फोटो काढून ठेवा (टायटॅनियमचा फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीला जोडायचा भाग, असेल तर जास्तच नीट वाचा) आणि काउंटरवर समोर धरा. मी दुसऱ्या दिवशी धरलं. पैसे परत मिळाले नाहीत.

टाकीचं मात्र तसं नाही, तिथे खोदून विचारा. मिश्रण करताना टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडून वर हवा भरत असतील तर ती टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी साफ केलेले हवेतच, तुम्ही पाण्यात ३२ टक्केच ओढणार असलात तरी. नायट्रॉक्सचा हिरवा-पिवळा पट्टा चिकटवला म्हणजे टाकी साफ झाली असं नाही. शेवटची सफाई कधी झाली ते विचारायचं, तारीख बघायची. उत्तर देताना माणूस चाचरला तर दुसरं सेंटर धरा.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या दिवशी जॉनीज गॉर्ज या डाइव्हच्या जागेला निघण्यापूर्वी मी टाक्या तपासल्या होत्या. ॲनालायझरने ३१.८ दाखवलं, मी सही केली, ३० मीटरला जाऊन आलो. चौथ्या दिवशी डिक्सन्स. पहाटे साडेसहाला किनाऱ्यावर टाक्या मांडलेल्या, डुंगी (छोटी होडी) पाण्यात तयार. ॲनालायझर हवेत धरून २०.९ ला, म्हणजे साध्या हवेतल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांना, लावला. आकडा थांबेचना. २०.४, २१.१, परत २०.५. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तरीही टाकीचा व्हॉल्व्ह केसभर उघडला, बारीक शिट्टीसारखी हवा येऊ लागली, त्यावर ॲनालायझरचं तोंड टेकवून पूर्ण एक मिनिट धरलं. ३२.१. टाकीवरच्या टेपवरही ३२. "बत्तीस ही है मॅम, कल रात को ही चेक किया." कल रात को याच यंत्रावर ना!

शेजारच्या सेंटरचा एक वयस्क इन्स्ट्रक्टर त्याच्या टाक्या मोजत होता. त्याला विनंती केली. त्याचा ॲनालायझर २०.९ वर लावला तो जागचा हलला नाही. माझ्या टाकीवर धरला, आकडा चढत गेला आणि थांबला ३५.६ वर. बहिणीची टाकी ३३.२. मग त्याने आमच्या सेंटरचा ॲनालायझर आपल्या शुद्ध ऑक्सिजनच्या बाटलीवर धरून दाखवला. शंभराच्या आसपास जायला हवं होतं, ते ७१ वर अडकलं.

यामागचं कारण समजून घ्या. ॲनालायझरमधला सेन्सर म्हणजे एक छोटी बॅटरीच, ऑक्सिजन लागला की वीज देणारी. ती वापरा किंवा ठेवून द्या, संपत जातेच. संपत आलेला सेन्सर हवेत २०.९ ला बसवता येतो, पण ऑक्सिजन वाढला की तेवढी वीज त्याच्याकडून निघत नाही. म्हणून तो आकडा कमी दाखवतो. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूलाच होते.

हिशेब असा. ऑक्सिजनचा अंशदाब (मिश्रणाच्या एकूण दाबातला त्याचा वाटा, खोलीबरोबर वाढणारा) आपण १.४ बारपर्यंत ठेवतो. ३२ टक्क्यांवर ही मर्यादा ३३ मीटरच्या थोडी पुढे येते. ३५.६ वर ती येते २९ मीटरला. आमचा बेत होता ३२ मीटरचा, म्हणजे मी जवळपास १.५ बारवर पोचले असते, आणि कॉम्प्युटर ३२ वर लावलेला असल्यामुळे त्याने चकार शब्द काढला नसता. १.६ ही अगदी शेवटची रेघ. त्या खोलीवर बहीण प्रवाहात चार मीटर खाली गेली असती तर मी तिच्यामागे गेलेच असते. जास्त ऑक्सिजनमुळे पाण्याखाली झटका (फिट) आला तर तोंडातून रेग्युलेटर सुटतो, माणूस बुडतो. त्याची सूचना मिळेलच असं नाही. आणि आदल्या दिवशी जॉनीज गॉर्जला आमच्या टाक्यांत खरं किती होतं, ते आता कधीच कळणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. नियमित नायट्रॉक्स करणाऱ्याने स्वतःचा ॲनालायझर बाळगावा, मुठीएवढा असतो, केबिन बॅगेत मावतो. सेन्सरवरची तारीख बघून वेळेत बदलावा. ते जमत नसेल तर सेंटरचा ॲनालायझर आधी हवेत धरा, एक मिनिट आकडा डुगडुगला तर त्याचं टाकीवरचं काहीही ऐकू नका. टाकी स्वतः मोजा, टेपवर टक्के, कमाल खोली, तारीख आणि आपली आद्याक्षरं स्वतःच्या हाताने लिहा, मग वहीत सही. रांग खोळंबली, बोटवाला ओरडतोय, तरीही.

चुकलेली टाकी फेकायची नसते, हेही सांगते. त्या दिवशी मी कॉम्प्युटर ३६ वर लावला, टेप फाडून नवी लावली आणि २७ मीटरच्या खाली गेले नाही. भाड्याचा कॉम्प्युटर घेणार असाल तर त्यात ऑक्सिजनचे टक्के बदलता येतात का ते काउंटरवरच बघा. नुसता हवेवर चालणारा कॉम्प्युटर नायट्रोजनच्या बाबतीत तुम्हाला सुरक्षित बाजूला ठेवेल, पण खोलीची मर्यादा ओलांडलीत तर गप्प बसेल. काही कॉम्प्युटर दिवस बदलला की परत २१ वर जातात, म्हणून उडी मारण्यापूर्वी रोज आकडा बघा. आम्ही डुंगीवर एकमेकींना मनगट दाखवून आकडा मोठ्याने वाचायचो.

पाचव्या दिवशी त्या शेजारच्या सेंटरबरोबर गेलो. टाकीमागे ५०० जास्त, रेग्युलेटर माझाच. ३२.३ आणि ३२.०. डिक्सन्सला ३१ मीटरवर स्नॅपर माशांचा थवा भिंतीसारखा उभा होता, आम्ही जवळ गेलो तसा दुभंगला आणि मागे परत जुळला. वर बघितलं तर तिन्ही सुळक्यांवर मऊ प्रवाळ पसरलेले, आणि कॉम्प्युटरवर अजून ११ मिनिटं शिल्लक. बहिणीने माझा हात इतका घट्ट दाबला की हातमोजा असूनही दुखलं. या एका डाइव्हसाठी मी परत जाईन, सगळा मनस्ताप धरून.

बाकी किरकोळ. नायट्रॉक्स घेतलं म्हणून विमानापूर्वीची थांबण्याची वेळ कमी होत नाही, रोज डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास सोडा. परतीची बोट रद्द होऊ शकते, म्हणून शेवटचा पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला कोरडा ठेवा.