बाबांची भरती आणि खलुफचं पाणी

भरती-ओहोटीचा नियम चुकलेला नाही, असं बाबांचं अजूनही म्हणणं आहे. चार दिवस झाले मी माहीमला घरी आलेय. शेजारपाजारचं कोणी चहाला आलं की हा विषय निघतोच. मी मस्कतहून आणलेले खजूर पुढे करते आणि बाबा भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नियम असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. आमचं मूळ गाव अलिबागजवळ. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर तिकडचे लोक हेच गणित बोटांवर करतात. पाऊणकी मी शाळेत नाही, त्या पुळणीवर शिकले.

आता खलुफ. ओमानच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे कोळ्यांचं गाव, मस्कतपासून साडेचारशे-पाचशे किलोमीटरवर. सिनाव ओलांडलं की रस्ता सरळ दक्षिणेला धरतो, मग महूत, मग खलुफ, आणि तिथे डांबर संपतं. पुढे एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला पांढरेशुभ्र वाळूचे डोंगर. लोक त्यांना साखरेच्या टेकड्या म्हणतात, आणि दुपारच्या उन्हात त्या खरंच पिठीसाखरेच्या दिसतात. पण तिथे जायचं तर पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून गाडी न्यायची, आणि तो पट्टा ओहोटीलाच मोकळा असतो. आला ना बाबांचा विषय!

आम्ही पाच गाड्या आणि चौदा माणसं होतो. सगळे मस्कतमधले मराठी, त्यातही मुंबईकडचेच. वॉकीटॉकीवर नावं घेऊन बोललं की गोंधळ होतो, म्हणून गाड्यांना स्टेशनांची नावं दिली होती. सगळ्यात पुढे चर्चगेट, मग दादर, अंधेरी, बोरिवली, आणि शेवटी विरार. विरारमध्ये डोंबिवलीचं कुटुंब होतं. वेस्टर्न लाइनवर टाकल्याबद्दल त्यांनी सिनावपर्यंत निषेध नोंदवला. दादर म्हणजे आम्ही. गाडी नवरा चालवत होता. चर्चगेटमध्ये मास्तर. हे मूळचे गिरगावचे, बावीस वर्षं ओमानात आहेत आणि वाळूत गाडी चालवायला आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं.

शुक्रवारी पहाटे निघालो आणि दोनच्या सुमाराला खलुफला पोचलो. जुम्म्याची नमाज होऊन गाव जेवून झोपलं होतं. दुकानांची शटरं खाली, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळ्यांच्या ढिगावर एक मांजर. मास्तरांचा शिरस्ता असा, की गावातल्या कोणाला तरी पाण्याची वेळ विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ते म्हणाले, तासभर थांबू, कोणीतरी उठेलच. फोनला रेंज नव्हती.

आणि मी म्हटलं, ‘‘थांबायला कशाला हवं? बाबांना विचारलंय मी.’’

खरंच विचारलं होतं. सिनावच्या पंपावर गाड्यांत पेट्रोल भरताना माहीमला व्हिडिओ कॉल लावला होता. शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा, त्यात सव्वासहा, म्हणजे चारला पूर्ण ओहोटी. भारताचं घड्याळ दीड तास पुढे, ते वजा करायचं का, हेही मी विचारलं. ‘‘कशाला? चंद्र तिथे तिथल्याच घड्याळाने उगवतो,’’ असं बाबांचं उत्तर. मास्तरांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. पण चौदा भुकेली माणसं आणि डोक्यावर ऊन. चारला ओहोटी म्हणजे साडेपाचपर्यंत चिंता नाही, असं ठरलं.

वाळूत उतरण्याआधी टायरची हवा काढायची असते. मला या सगळ्या प्रकारात हेच सगळ्यात आवडतं. गाडीच्या कडेला उकिडवं बसायचं, व्हॉल्व्हचं टोपण खिशात ठेवायचं (वाळूवर ठेवलं की गेलंच), पिन दाबायची, आणि ती लांबलचक फुस्स ऐकत बसायचं. मध्ये मध्ये थांबून काटा बघायचा. पस्तीसवरून पंधरावर आणायची हवा. टायर खाली बसत जातो, पोट सुटल्यासारखा दोन्ही बाजूंना फुगतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो. वजन जास्त जागेवर पसरलं की गाडी वाळूत रुतण्याऐवजी वाळूवरून जाते, उंटाच्या पावलासारखी. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला पंक्चरच वाटलं होतं. फार कमी केली तर मात्र वळताना टायर रिममधून निसटतो, म्हणून पंधराच्या खाली जायचं ते अडकल्यावरच.

तीनला पट्ट्यावर उतरलो. पहिला अर्धा तास झकास. चौपाटीवर गाडी पळवायची तमाम मुंबईकरांची दबलेली इच्छा आम्ही तिथे पुरी करून घेतली. मग चर्चगेटवरून आवाज आला, ‘‘पट्टा अरुंद होतोय का, की मलाच वाटतंय?’’

मास्तरांना वाटत नव्हतं, खरंच होत होता. डावीकडचं पाणी दर लाटेला हातभर वर येत होतं. नवऱ्याने पाणी टाळायला गाडी उजवीकडे, कोरड्या वाळूकडे घेतली. तिथे उतार होता आणि वाळू भुसभुशीत. गाडी मंदावली, त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि मागची चाकं गरगर फिरून एक्सलपर्यंत आत. चाक फिरवत राहणं म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणं, हे त्याला पाठ आहे. पण पाणी दिसल्यावर पाय ऐकत नाही.

‘‘चर्चगेट, चर्चगेट, दादर अडकलं.’’

मागून विरारवरून उत्तर : ‘‘नेहमीचंच आहे.’’

फावडी निघाली. चाकापुढची वाळू उपसायची, खाली फळ्या सारायच्या. पण ओल्या वाळूत खड्डा केला की तळातून पाणी झिरपतं आणि कडा आपोआप ढासळून खड्डा परत भरतो. लहानपणी किल्ले करताना हीच गंमत वाटायची. चार वेळा उपसलं, चार वेळा भरलं. पाचव्यांदा एका लाटेचा फेस मागच्या चाकाला लागून गेला. कोणी काही बोललं नाही. मी सव्वाचार वाजलेले बघितले आणि घड्याळ बाहीखाली ढकललं.

तेवढ्यात गावाकडून एक पिकअप आली. मागे जाळी, आत सत्तरीचे एक गृहस्थ, डोक्याला मसर गुंडाळलेला. उतरले, गाडीकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, आणि चक्क हिंदीत म्हणाले, ‘‘अभी क्यों आया? पानी दो घंटे से चढ़ रहा है.’’ मग किनाऱ्यावर वर पडलेल्या शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या रेषेकडे बोट दाखवलं. आमची गाडी त्या रेषेच्या चांगली खाली होती. आज इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजापर्यंत पाणी तिथवर येणार म्हणे.

त्यांनी फळ्या काढायला लावल्या, चारही टायरची हवा आणखी कमी केली, बोटीचा मनगटाएवढा जाड दोर मागच्या हुकाला बांधला. पुढे नाही, आलात त्याच चाकोरीतून मागे. नवऱ्याला खिडकीतून म्हणाले, ‘‘पैर हल्का.’’ दोर ताणला गेला, गाडी एकदा कण्हली आणि बाहेर आली. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नसतील.

पैसे घ्यायचं नावच नाही. उलट थर्मासमधून वेलचीचा कहवा आणि खजूर. आम्ही कुठले ते कळल्यावर म्हातारबुवा खुलले. ‘‘बॉम्बे!’’ ते तरुणपणी मुंबईत येऊन गेले होते, भेंडी बाजाराजवळ महिनाभर राहिले होते. लहानपणी घरात रुपयेच होते, म्हणाले. ते खरंच आहे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या आणि ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या. आजही तिथल्या रियालचे हजार बैसा होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. ते पिकअपमध्ये बसेपर्यंत मी बाबांच्या नियमाबद्दल तोंड उघडलं नाही. मास्तरही गप्प होते, जे जास्त वाईट.

मग त्यांच्याच पिकअपमागून आतल्या वाटेने टेकड्यांकडे गेलो. आतली वाट म्हणजे सबखाची कड. सबखा हे खारं मैदान. वरून पापडासारखं कडक, खाली चिखल. आधीच्या गाड्यांची चाकोरी सोडली की पापड मोडतो, आणि तिथून गाडी काढणं वाळूपेक्षा कठीण. पाचही गाड्या शाळेच्या रांगेसारख्या गेल्या.

तळ ठोकताना एक गोष्ट लक्षात आली. चारी दिशांना नजर पोचेल तिथवर मोकळं, आणि आम्ही पाच तंबू असे लावले की एकाचा दोर ओलांडल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात जाता येत नव्हतं. चाळीत वाढलेली माणसं, दुसरं काय! वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरायची, त्यांना दोर बांधायचे आणि पिशव्या पुरायच्या. म्हातारबुवांनी दोन सुरमया देऊन ठेवल्या होत्या. तिकडे तिला कनाद म्हणतात. रवा लावून तव्यावर टाकल्या आणि नेमका वारा सुटला. त्या तुकड्यांत रवा किती आणि वाळू किती, हे डोंबिवलीकरांनी न विचारता दातांनी ठरवलं. चांदणं एवढं होतं की रात्री कोणी टॉर्च शोधला नाही. पहाटे मात्र दवाने तंबू आतून-बाहेरून ठिबकत होते. वाळवंटात अंथरूण ओलं होतं, हे इथे माहीमला सांगितलं तर मावशीने माझ्याकडे मी थाप मारतेय अशा नजरेने बघितलं.

दुसऱ्या दिवशी टेकड्या चढलो. चढताना सरळ, उतरतानाही सरळ. आडवी वळवली की गाडी कलंडते. माथ्यावर पोचण्याआधी एकाने चालत जाऊन पलीकडे काय आहे ते बघून यायचं. अंधेरीने तीन वेळा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा ड्रायव्हर बदलला. बायको बसली आणि पहिल्याच फटक्यात वर. यावर अधिक लिहायला मला त्या घराने मनाई केली आहे.

परतीच्या दिवशी थोडे पूर्वेला, बार अल हिक्मानच्या उथळ पाण्यापर्यंत गेलो. हिवाळ्यात तिथे पाच लाखांच्या घरात पाणपक्षी उतरतात. रोहित पक्ष्यांचा थवा बघून आमचा मुलगा म्हणाला, ‘‘हे तर शिवडीला असतात.’’ उंच पायांचे काळे-पांढरे, जाड चोचीने खेकडे फोडून खाणारे पक्षी मात्र शिवडीला बघितल्याचं मला आठवत नाही. एवढं खाद्य या वाळवंटाच्या दाराशी कसं, तर तो आपलाच पावसाळा. जूनपासून जो नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीला धडकून माहीमचे रस्ते तुंबवतो, तो ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो, वरचं पाणी आत समुद्रात लोटतो आणि खालचं थंड, सकस पाणी वर येतं. आपल्याला पाऊस, त्यांना मासळी.

मस्कतला पोचल्यावर टायरमध्ये हवा, गाडीला खालून गोड्या पाण्याने आंघोळ. नाहीतर मीठ पत्रा खातं. मग बाबांना फोन. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘तो आपल्या किनाऱ्याचा नियम आहे. तू मला विचारलंस तिथी, किनारा कुठे विचारलास?’’

तर काल संध्याकाळी ते पुन्हा कॅलेंडर घेऊन बसले. फेस चाकाला लागला ती वेळ विचारली, म्हातारबुवांनी ‘दो घंटे से’ म्हटलं ती वेळ विचारली, तिथी बघितली, पेन्सिलीने मागच्या कोऱ्या बाजूला ‘खलुफ : तिथीची पाऊणपट, वजा’ एवढं लिहिलं आणि थांबले.

‘‘वजा किती?’’ मी विचारलं.

‘‘एका दिवसाच्या आकड्यावर नियम होत नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘परत कधी जाणार आहात? अमावास्येच्या आसपास जमतंय का बघ.’’