माजघरापर्यंत

वाई, रविवार, रात्री साडेदहा

आईची अडचण साधी होती. रात्री आठला नातीचा व्हिडिओ कॉल आला की तिला माजघरातून उठून ओटीवर जावं लागायचं, कारण वायफायची रेंज तिथेच. मधे दोन उंबरे, त्यात गुडघे दुखरे, आणि पावसाळ्यात ओटीची फरशी ओली. गेल्या महिन्यात ती एका उंबऱ्याला अडखळली. पडली नाही, पण मला ते तिने आठ दिवसांनी सांगितलं. तेव्हाच ठरवलं, या खेपेला हे काम करूनच पुण्याला परतायचं.

काल सकाळी पोचले तर नेट मुळातच बंद. फायबरच्या डबीवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे डबीपर्यंत प्रकाशच येत नव्हता. तक्रार केली तर 'सोमवारी माणूस येईल' असं उत्तर मिळालं. मी ओटीवरचं कपाट जरा पुढे ओढलं. मागे ती बारीक पिवळी वायर कपाट आणि भिंतीच्या मधे चेपून पार काटकोनात वळली होती. आत काचेचा तंतू असतो, प्रकाश त्यात आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो, आणि वळण फार कडक झालं की तिथून बाहेर गळतो. वायर सोडवली, ताटलीएवढं सैल वेटोळं करून खिळ्याला अडकवली. मिनिटभरात लाल दिवा विझला, पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, हिरवा दिवा स्थिर झाला. कपाट आता भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलंय.

मग खरं काम. फोनवरच्या अॅपने सिग्नल मोजला. राउटरजवळ उणे 42, माजघरात उणे 81. आकडे जवळजवळचे वाटतात, पण या मोजपट्टीवर दर 10 ला ताकद दहा पटीने घटते. म्हणजे माजघरात पोचेपर्यंत सिग्नलचा जेमतेम आठ हजारावा भाग उरत होता. वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतं. त्यातलं 5 चं नाव तर यादीत दिसतच नव्हतं. त्या लहरी भिंतीत 2.4 पेक्षा लवकर दमतात. दाराच्या चौकटीत टेप धरून भिंत मोजली, 22 इंच. काळा दगड आणि मातीचं बांधकाम, आजोबांच्याही आधीचं. 'पावसात रेंज जास्तच जाते' असं आई म्हणायची, ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं. पण ओल धरलेली भिंत या लहरी जास्त शोषते. तिचं निरीक्षण बरोबर होतं.

येताना रिपीटर आणला होता. तो माजघराच्या दारात लावून पाहिला. फोनवर रेघा भरल्या, पण चित्र अडकतच राहिलं. रिपीटरला जे मिळेल तेच तो पुढे देणार, आणि एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचंही असलं की वेग निम्मा होतो. काढून ठेवला. अशा घरात वायरच हवी.

भिंतीला ड्रिल लावायला आईने साफ नकार दिला. 'अगं, माती सुटली की दगड हलतो. वर बघ, तुझ्या बाबांनी बल्बची वायर नेली होती ते भोक आहे.' खरंच होतं, दाराच्या वर, जळमटांनी बुजलेलं. लोखंडी तार घालून साफ केलं आणि त्यातून 15 मीटर कॅट सिक्स, म्हणजे नेटची आठ तारांची केबल ओढून घेतली. भोक लहान, म्हणून टोकांचे जॅक नंतर बसवायचे होते. तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा अंगठ्याखाली सरळ करून एका रेषेत कापायच्या, जॅकच्या टोकाला तांबं टेकलेलं दिसलं की मगच क्रिंपर, म्हणजे जॅक घट्ट करायची पक्कड, दाबायचा. पहिल्या खेपेला जोडणी झाली, पण वेग 100 मेगाबिटवरच अडला. 100 ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, चारही लागतात. उजेडात धरून पाहिलं तर तपकिरी तार अर्ध्यातच थांबलेली. जॅक कापून नवा बसवला.

माजघरात पुण्याहून आणलेला जुना राउटर लावला. नेट येई, जाई, परत येई. यात दुपारचे दोन तास गेले. दोन्ही राउटरचा पत्ता एकच होता, 192.168.1.1, आणि दोघंही घरातल्या फोनना पत्ते वाटत होते. एका वाड्याला दोन घरमालक झाले की भाडेकरूने कोणाचं ऐकायचं? जुन्याचा पत्ता 192.168.1.2 केला, त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलं, केबल त्याच्या वॅन पोर्टातून (बाहेरून नेट घ्यायच्या) काढून लॅन पोर्टात (घरातल्या जोडणीच्या) घातली. आता तो फक्त रेंज देतो, बाकीचा कारभार ओटीवरचा राउटर बघतो. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले, 2.4 चे चॅनल मात्र वेगळे, एकाला 1 आणि दुसऱ्याला 11. तरी आईचा फोन माजघरात येऊनही ओटीचा राउटर सोडेना. ओटीच्या राउटरची पॉवर मध्यमवर आणली, तेव्हा सोडला.

आठला लेकीचा बंगळुरूहून कॉल आला. आई देवघराशेजारी तिच्या पाटावर बसलेली होती, तिथूनच बोलली. थालीपीठाचा विषय निघाला तशी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओल्या फडक्यावर थापून तिला दाखवलं, मधे बोट बुडवून भोक कसं पाडायचं तेही. कॉल एकदाही अडकला नाही. मी दारात उभी राहून माझ्या फोनवर आकडा बघत होते, उणे 52.

नंतर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: लाल दिवा लागला तर पिवळी वायर कुठे दबली आहे का बघ. नाहीतर राउटर रीस्टार्ट कर. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि रीस्टार्टवर बोट ठेवलं. म्हणाली, 'हे खोड. बटण बंद करून वीसपर्यंत आकडे मोज, मग चालू कर, असं लिही.' तसं लिहिलं. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.